ओस देऊळ आणि स्थानपोथी

१९०८ साली प्रसिद्ध झालेल्या 'इम्पीरियल गॅझेटिअर'मध्ये भंडारा जिल्ह्याच्या पुरातत्त्वाची बोळवण अवघ्या काही ओळींत केलेली आहे. अड्याळ, चकाहेटी, कोरंबी आणि भंडाऱ्याला लागून असलेले पिंगलाई या ठिकाणी जुनी देवळे असून त्यांपैकी बहुतेक हेमाडपंताच्या नावावर सांगितली जातात, एवढीच काय ती माहिती. साहित्याचा अभ्यास करणाऱ्या माणसाला 'नावावर सांगितली जातात' ही शब्दयोजना चांगलीच परिचयाची असते. संतांच्या नाममुद्रेखाली पुढे किती अभंग जमा झाले, याचा हिशेब आपण वर्गात मांडतच असतो. हेमाडपंताचेही तसेच झाले आहे. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे आहे. चुन्यावाचून, दगडात दगड अडकवून देवळे उभारण्याची रीत हेमाद्रीच्या जन्मापूर्वी दोन शतके तरी महाराष्ट्रात रुळलेली होती. तरीही जुन्या दगडी देवळाला गावकरी हेमाडपंती म्हणतात आणि आपणही म्हणतो. कर्त्याचे नाव हरवले की कोणा मोठ्या माणसाचे नाव तिथे येऊन बसते, हे जसे काव्यात तसेच शिल्पात.

या लेखाचा विषय मात्र देवळांचे कर्ते हा नाही. ज्यांची नित्यपूजा थांबली आहे, अशा लहान, गावाबाहेरच्या मध्ययुगीन देवळांविषयी मला लिहायचे आहे. विदर्भात ती जागोजाग आढळतात. एखाद्या तळ्याच्या पाळीवर, धानाच्या बांध्यांच्या मधोमध, किंवा कधीकाळी गाव होते आणि आता पळसाचे रान माजले आहे अशा उंचवट्यावर ती उभी असतात. पुरातत्त्व खात्याच्या परिभाषेत देवळे 'जिवंत' असतात किंवा नसतात. पूजाअर्चा चालू असेल तर जिवंत स्मारक, नसेल तर नुसते स्मारक. ही वाटणी कायद्याच्या सोयीची आहे; पण प्रत्यक्ष पाहू गेल्यास गोष्ट इतकी सरळ राहत नाही. जिथे पूजा नांदती राहिली तिथे पुष्कळदा खांबांवर ऑइल पेंट चढला, गाभाऱ्याला चकचकीत फरशी बसली, शिखराच्या जागी सिमेंटचा घुमट आला, आणि जुने देऊळ भक्तीच्याच हातून दिसेनासे झाले. जिथे पूजा थांबली तिथे दगड मूळच्या रूपात उरले. पण त्यांच्या सांध्यांत पिंपळ रुजला. वापराने रूप जाते आणि वापर थांबला की आधार जातो. या दोहोंच्या मधली एखादी वाट आहे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मी पाहत आलो आहे त्या एका देवळाचे नाव आणि गाव इथे मुद्दाम देत नाही. कारण पुढे येईलच. देऊळ शंकराचे, अगदी लहान. गाभारा, त्यापुढे हातभर अंतराळ आणि चार खांबांचा मंडप. खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्याहून वर गोल. छत म्हणजे कोपरे कापत कापत लहान होत गेलेल्या चौकटी एकीवर एक ठेवलेल्या. त्यांच्या मध्यावर एक झिजलेले कमळ. शिखर नाही, ते पडले की मुळात पुरे झालेच नव्हते, याविषयी गावात दोन्ही मते ऐकू येतात. महाशिवरात्रीला गावातली पाचपन्नास माणसे येतात, पाणी घालतात, नारळ फोडतात. त्यानंतर वर्षभर तिथे वटवाघळे आणि गुराखी.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा एक म्हातारी मंडप झाडत होती. ती पुजारीण नव्हती, गुरवाच्या घरातलीही नव्हती. तिचे शेत शेजारी होते आणि दर सोमवारी ती खराटा घेऊन यायची, इतकेच. इथे तर कोणी येत नाही, मग झाडता कशाला आजी, असे मी विचारले. ती हात न थांबवता म्हणाली, "कोनी येत नाई म्हून का झालं? कचरा तं येतेच ना." श्रद्धेविषयी ती काही बोलली नाही आणि मीही पुढे विचारले नाही. झाडून झाल्यावर तिने खराटा कोपऱ्यात उभा केला, उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती शेतात निघून गेली.

ओस देवळांशी मराठी भाषेचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. 'लीळाचरित्र' हा आपल्या गद्याचा आद्य ग्रंथ. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात, म्हाइंभटांनी ऋद्धिपुरी तो सिद्ध केला. ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्याकडून समजून घ्यायचे, ताडून पाहायचे आणि मग लिहायचे, ही त्यांची रीत. हा ग्रंथ वाचताना आपले लक्ष संवादांकडे, माणसांकडे, निरूपणाकडे असते. संवाद कुठे घडतो आहे याकडे आपण फारसे पाहत नाही. एकदा तिकडे लक्ष गेले की दिसते, की लीळांची ही सारी सृष्टी देवळांच्या आसऱ्याने उभी आहे. स्वामी गावोगाव फिरतात आणि उतरतात ते बहुधा देवळात, मढात, गुंफेत. पैठणला भोगनारायणाच्या देवळात, वेरूळला लेण्यांत. वेरूळची बौद्ध लेणी कोरणारा संघ तोवर कधीच निघून गेला होता. म्हणजे एका पंथाने सोडलेल्या वास्तूंच्या शेजारात दुसऱ्या पंथाचा गुरू मुक्काम करतो आहे.

यात आणखी एक पेच आहे. महानुभाव विचारात परमेश्वर आणि देवता यांच्यात मूलभूत भेद आहे, आणि देवतांची भक्ती त्यात मोक्षाला उपयोगाची मानलेली नाही. असे असूनही स्वामींची बिऱ्हाडे पडतात ती देवतांच्याच देवळांत. तिथे बाइसा झाडलोट करतात, मर्दना होते, आरोगणा होते, प्रश्न विचारले जातात, दृष्टान्त सांगितले जातात. त्या देवळातल्या देवाची पूजा हा त्यांच्या येण्याचा हेतू नसतो. मराठीतले सर्वांत जुने मोकळे बोलणे, घरगुती आणि तत्त्वज्ञानाचे दोन्ही, अशा मंडपांत झाले आहे. त्यातही विरोधाभास असा, की ज्या हेमाद्रीकडे महानुभाव परंपरा स्वामींच्या छळाचा दोष देते, त्याच हेमाद्रीच्या नावाने या मंडपांना आज लोक ओळखतात.

भंडाऱ्याचाही या ग्रंथाशी संबंध आहे. रतनपूरच्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात त्याला करभार देणाऱ्या मंडलांत 'भाणार' हे नाव येते. ते आजचे भंडारा मानले जाते. लीळाचरित्राच्या 'एकांक' भागात, म्हणजे स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या काळात, त्यांना इथे नीळभट्ट भेटले. पुढे ते भांडारेकार या नावानेच ओळखले गेले. पंथाच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या अनुयायांपैकी एक माणूस आमच्या गावाचे नाव लावून फिरत होता, हे सांगितले की माझ्या वर्गातली मुले सरसावून बसतात. झाडीपट्टीच्या मुलांना अभ्यासक्रमात आपले गाव सहसा भेटत नाही.

त्याच परंपरेतली 'स्थानपोथी' मात्र फार कमी जण वाचतात. ती चौदाव्या शतकातली मानली जाते. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, चालले, त्या त्या जागांची ही नोंद. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे तोंड कुणीकडे, जगतीचे दार कुठे, पटिशाळा कोणत्या बाजूस, आणि तिच्या कोणत्या टोकाला स्वामींचे आसन, असे सांगत पोथी पुढे जाते. वर्णन नाही, विशेषण नाही, गहिवर नाही. वाङ्मयीन सौंदर्य शोधणाऱ्याला ती रुक्ष वाटते. वि. भि. कोलत्यांनी तिचे संपादन केले; ॲन फेल्डहाउस यांच्यासारख्या अभ्यासिकेला तिच्यात मध्ययुगीन महाराष्ट्राचा भूगोल दिसला. पण मराठीच्या पदव्युत्तर वर्गात तिच्या वाट्याला बहुधा एक टीप येते, पाच गुणांची.

ती पोथी ज्यांनी लिहिली त्यांना एक गोष्ट कळली होती असे मला वाटते. स्वामी गेल्यावर जागा उरणार, जागांवरची देवळे पडणार, गावे उठणार, आणि पुढे कोणी विचारत आला तर त्याला दाखवायला कोणीही नसणार. म्हणून त्यांनी स्तुती न करता दिशा लिहून ठेवली. उत्तर, दक्षिण, डावे, उजवे. देऊळ पडले तरी उत्तर दिशा पडत नाही. आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी महानुभावांचे ओटे आहेत आणि त्यांना नमस्कार घडतो. मूळ देऊळ नसलेल्या जागीही ओटा उभा राहू शकतो, तो या दिशांच्या भरवशावर.

सन २०१३ मध्ये मी एम. ए.च्या मुलांना घेऊन त्या शंकराच्या देवळात गेलो. सहा मुले होती, त्यांत चार मुली. त्यांना सांगितले, की स्थानपोथीच्या पद्धतीने या देवळाची नोंद करा. विशेषण वापरायचे नाही, 'भव्य', 'सुंदर', 'प्राचीन' हे शब्द वर्ज्य. जो कधी इथे आला नाही आणि ज्याला हे देऊळ उभे असलेले सापडणार नाही, अशा माणसासाठी लिहा. मुलांना सुरुवातीला हा खेळ वाटला. मग अडचणी कळू लागल्या. मंडपाचे दार पूर्वेला असे सगळ्यांनी लिहिले. पण ते नेमके पूर्वेला नव्हते, थोडे उत्तरेकडे झुकलेले होते. 'उजवीकडचा खांब' म्हणजे आत शिरताना उजवीकडचा की बाहेर पडताना? आपण आयुष्यभर ज्या शब्दांनी बोलतो ते किती सैल असतात, हे त्या दुपारी त्यांना कोणत्याही भाषाविज्ञानाच्या पुस्तकाशिवाय समजले. त्यातल्या एकीने मंडपातल्या जमिनीची नोंद केली होती. शिरताना डाव्या हाताच्या दुसऱ्या खांबाच्या मुळाशी एका शिळेवर वाघ-बकरीचा पट कोरलेला आहे. एका बाजूला बसले तर गाभारा पाठीमागे येतो आणि तळ्याची पाळ दिसते. गुराख्याने गुरांवर नजर ठेवून खेळायला ही जागा सोयीची, असे अनुमानही तिने शेवटी जोडले होते. अनुमान नोंदीत बसत नाही म्हणून मी ते लाल शाईने खोडले आणि शेजारी 'उत्तम' असेही लिहिले.

सहा वर्षांनी, २०१९च्या उन्हाळ्यात, गुप्तधनाच्या लोभाने कोणीतरी रात्री मंडपाची जमीन खणली. इकडे ही व्याधी जुनी आहे. ओस देवळाखाली हंडे पुरलेले असतात अशी समजूत, आणि देवळाचे नाव जितके पसरेल तितका धोका अधिक. वर नाव न देण्याचे कारण हेच. सापडले अर्थातच काही नाही. मंडपाच्या शिळा उलथून बाहेर फेकलेल्या, मधे कमरेएवढा खड्डा, आणि एक खांब जरा कललेला. हे देऊळ ना केंद्राच्या यादीत, ना राज्याच्या. त्यामुळे कोणाकडे जावे हेही गावाला नीट ठाऊक नव्हते. शेवटी गावातल्याच माणसांनी खड्डा बुजवायचे ठरवले. गवंडी म्हणाला, सिमेंट टाकून वरून टाइल लावून देतो, दोन दिवसांचे काम. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हते. नांदत्या देवळांत त्याने तेच केले होते.

माझी ती विद्यार्थिनी तोवर एका आश्रमशाळेत शिक्षिका झाली होती. तिला कळले तेव्हा तिने आपली जुनी वही शोधून आणली. वहीत शिळांच्या ओळी मोजलेल्या होत्या, आणि पटाची शिळा कुठे ते होतेच. वहीकडे पाहून गावकऱ्यांनी शिळा एकेक करून जागच्या जागी ठेवल्या. सगळ्या बसल्या असे नाही. दोन फुटल्या होत्या, तिथे साधी मुरूम-माती भरली. पटाची शिळा मात्र दुसऱ्या खांबाच्या मुळाशी आली आणि तिच्यावर बसून एका पोराने तळ्याची पाळ दिसते की नाही ते पाहिले. मी खोडलेल्या अनुमानाचा उपयोग असा झाला. शिळा कोणत्या बाजूने फिरवून ठेवायची ते त्यावरून ठरले. म्हातारी तेव्हा हयात नव्हती. सोमवारचे झाडणे तिच्या सुनेकडे आले आहे, पण नेमाने नाही.

इंग्रजी विभागातल्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने मला वेल्सच्या खेड्यांतल्या चर्चांविषयी सांगितले. आर. एस. थॉमस हा कवी त्याचा आवडता. तो चर्चचा धर्मोपदेशक होता. १९४२ ते १९५४ मॅनाफनला आणि अखेरीस, १९७८पर्यंत, ॲबरडॅरॉनला, समुद्राच्या काठी. उपासक उठून गेल्यानंतरच्या रिकाम्या चर्चमध्ये एकटे थांबणे हा त्याच्या कवितेचा विषय. अशी मध्ययुगीन लहान चर्चे तिथे पुष्कळ. वस्ती हलली, माणसे यायची थांबली, वर्षातून एखादी प्रार्थना उरली. १९५७ साली आयव्हर बल्मर-थॉमस या माजी खासदाराने ज्यांना कोणी मित्र उरला नाही अशा चर्चांच्या मित्रांची एक संस्था काढली. आज साठांहून अधिक चर्चे तिच्या सांभाळात आहेत आणि त्यांतली बरीच वेल्समधली. मला त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट फार आवडली. ते चर्चचे उपाहारगृह करत नाहीत, वस्तुसंग्रहालयही करत नाहीत. छप्पर गळू देत नाहीत आणि येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवतात. आत येऊन कोणी प्रार्थना करावी, कोणी नुसते बसावे. म्हातारीचा खराटा आणि ही संस्था यांच्यात साधनांचे अंतर फार मोठे आहे, वृत्तीचे नाही.

पूजा थांबली म्हणजे जागा संपली असे मानण्याची घाई करू नये, याचा दाखला तर आमच्या जिल्ह्यातच आहे. पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. तिच्यावरच्या जगन्नाथाच्या देवळामुळे तिचे हे नाव. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी तिथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. देवळाखाली मोठा बौद्ध स्तूप निघाला, आणि मुचलिंद नागाचे नाव कोरलेले शिल्पही. स्तूपाचे उपासक गेले, विटांवर माती चढली, लोक ती टेकडी समजू लागले, आणि त्या टेकडीवर दुसऱ्या देवाचे देऊळ आले. मधल्या शतकांत तिथे काय होते? बहुधा गुरे चरत असतील. ते ओसपण दोन वस्त्यांमधले अंतर होते, असे आज म्हणता येते. त्या काळी तिथून जाणाऱ्याला ते शेवटासारखेच दिसले असणार.

पवनीपासून थोड्याच अंतरावर वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ साली त्याची पायाभरणी झाली आणि पुढे जसजसे पाणी चढत गेले तसतशी काठची गावे उठून नव्या गावठाणांत गेली. माणसांबरोबर देवही गेले. मारुती, मातामाय, महादेव, सगळ्यांना नवी सिमेंटची देवळे मिळाली. मूर्ती हलवता येते. ओटा, पार, पायऱ्या आणि त्यांवर बसून झालेली बोलणी हलवता येत नाहीत. माझ्या वर्गात आता या नव्या गावठाणांतली मुले येतात. त्यांना जुने गाव ठाऊक नाही. त्यांच्या आजी-आजोबांना ते इतके ठाऊक आहे की सांगायचे असते हेच त्यांच्या ध्यानात येत नाही.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. म्हाइंभटांच्या ऋद्धिपुरात मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले. दोन्ही गोष्टींचा मला मनापासून आनंद आहे. पण महाविद्यालयातल्या आमच्या वर्गात या वर्षी पाच मुले आहेत, आणि जुन्या मराठीची पत्रिका ती गुणांसाठीच वाचतात, हेही खरे आहे. अभिजात ठरलेल्या ग्रंथाची स्थिती यादीतल्या स्मारकासारखी होऊ शकते: भोवती कुंपण, दारावर निळा फलक, आत कोणी नाही. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत घालून शतकानुशतके मठांत ठेवल्या. त्या टिकल्या याचे कारण ती लिपी गूढ होती हे नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी त्या नेमाने वाचत आणि उतरवत होते.

म्हणून यंदाचा स्वाध्याय वेगळा दिला आहे. पाचही मुलांनी नव्या गावठाणांत जायचे, सत्तरी ओलांडलेल्या माणसांसमोर वही उघडून बसायचे आणि पाण्याखाली गेलेल्या गावातल्या एकेका देवळाची नोंद करायची. गावाच्या कोणत्या अंगाला ते होते, तोंड कुणीकडे, पायऱ्या किती, पारावर कोण कुठे बसायचे. विशेषणे वर्ज्य आहेतच. अनुमान मात्र या वेळी मी खोडणार नाही. पहिल्या वह्या आल्या आहेत. एका आजोबांनी मारुतीचे तोंड दक्षिणेला सांगितले, त्यांच्या बहिणीने पश्चिमेला. दोघे त्यावरून तासभर भांडले आणि मुलाने दोन्ही दिशा, सांगणाऱ्यांच्या नावांसह, लिहून घेतल्या. म्हाइंभटांनीही पाठभेद असेच ठेवले असते, असे मी त्याला सांगितले. पुढच्या आठवड्यात तो तिसऱ्या माणसाकडे जाणार आहे. तो माणूस नव्वदीचा आहे आणि त्या मारुतीपुढे रोज दिवा लावत असे.